ओलीसनाट्याचा सिनेमा पकड कधी घेतो आणि कुठं सुटतो?

टिळकवाडी_दुसरं_फाटक

मंडळी, चाळीस मिनिटांचा लघुपट लिहिणं चाललंय. निपाणीच्या पेठेतली पतसंस्था, तळमजला, एकच शटर. सकाळी साडेअकराला दोघं आत शिरतात, एकाकडं गावठी पिस्तूल. शटर अर्धं खाली येतं, आत सहा माणसं अडकतात. रात्री साडेनऊला गोष्ट संपते.

सुरुवात घट्ट आहे, शेवटही ठरलाय. मधली वीस मिनिटं मात्र फोन, धमकी, फोन, धमकी अशीच चालतात. या जातीचे बहुतेक सिनेमे तिथंच ढिले पडतात. जे पडत नाहीत ते नेमकं काय करतात? "अमका बघ, जबरी आहे" एवढ्यावर सोडू नका, जबरी का ते उलगडून सांगा. शेवट फुटला तरी चालेल, जुन्या सिनेमांबद्दलच बोलणार आहोत.

शहापूरकर

मधला भाग ढिला पडतो कारण आत काहीच संपत नसतं. धमकी दुसऱ्यांदा दिली की निम्म्या किमतीची होते, तिसऱ्यांदा प्रेक्षक मोबाइल बघतो. म्हणून भार संपणाऱ्या गोष्टींवर टाकायचा : हवा, पाणी, औषध, वीज, माणसाचा दम.

सिडनी ल्यूमेटचा १९७५ चा 'डॉग डे आफ्टरनून' घ्या. २२ ऑगस्ट १९७२ ला ब्रुकलिनच्या एका बँकेवर खरोखर पडलेल्या दरोड्यावर बेतलेला. सिनेमातला दरोडा काही मिनिटांतच फसतो. तिजोरी उघडली तर आत ११०० डॉलर, बाकी रोकड आधीच उचलून नेलेली. मग पुढचे पावणेदोन तास माणूस बघत का बसतो? दमेकरी पहारेकरी पहिल्यांदा सुटतो. मॅनेजर मधुमेही, त्याच्यासाठी डॉक्टर आत येतो. पिझ्झा येतो. मग एफबीआय सूत्रं हाती घेते आणि आतला एसी बंद, दिवे बंद. भर ऑगस्टचा उकाडा. दर टप्प्याला आतली एक सोय तरी जाते, नाहीतर एक माणूस तरी कमी होतो, आणि बघणाऱ्याला हिशेब नव्यानं मांडावा लागतो. धमक्या मोजल्या तर फार नाहीत.

लिहायला बसताना मोठा ताव घ्या. उभे रकाने आठ, माणसागणिक एक. आडव्या ओळी दर अर्ध्या तासाला, म्हणजे तुमच्या दहा तासांच्या वीस. प्रत्येक चौकोनात चार गोष्टी : कुठं बसलाय, शेवटचं पाणी कधी प्यायला, त्याचा फोन कुणाकडं आहे, आणि त्याला काय ठाऊक आहे जे बाकीच्यांना नाही. सलग दोन ओळींत काही बदलत नसेल तर तो वेळ पडद्यावर दाखवायचाच नाही, कट मारून पुढं जायचं. तुमच्या त्या वीस मिनिटांतली निम्मी इथंच गळतील.

निपाणी_वखार

शहापूरकरांच्या तावाआधी जागेचा नकाशा काढा. आपल्याकडच्या पतसंस्था सिनेमातल्या बँकेसारख्या नसतात. पुढं शटर, मग काचेचं दार, डाव्या हाताला काउंटर, कोपऱ्यात मॅनेजरची केबिन, मागं तिजोरीची खोली. आणि संडास? बहुतेक ठिकाणी कॉम्प्लेक्सच्या मागच्या बोळात, शेजारच्या गाळ्यांबरोबर सामाईक. किल्ली खिळ्याला टांगलेली. म्हणजे तीन तासांनी पहिल्या माणसानं "जायचंय" म्हटलं की आतल्या दोघांपुढं खरा पेच उभा राहतो : मागचं दार उघडायचं की नाही, बरोबर कोण जाणार, तेवढा वेळ इकडं पाच जणांवर लक्ष कोण ठेवणार. सीन न सांगता घट्ट होतो.

दुसरं, तिजोरी. तारण सोनं ठेवणाऱ्या संस्थेत तिजोरी दोन किल्ल्यांची असते आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडं असतात, मॅनेजर आणि कॅशियर किंवा अशीच जोडी. मॅनेजरच्या डोक्याला पिस्तूल लावून काही उपयोग नाही, दुसरी किल्ली जवळ असलेला माणूस संकेश्वरला कार्याला गेलेला असू शकतो. तो परत येईतोवर दोन तास. तो येणार का, पोलीस त्याला येऊ देणार का? खर्ड्यात मॅनेजर एकटाच तिजोरी उघडत असेल तर इथले प्रेक्षक हसतील.

तिसरं, पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणारा. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली उडुपीकडं सुरू केलेली ही पद्धत आपल्या मुलखात घराघरांत पोचलेली. एजंट दिवसभर पेठेत फिरून वसुली करतो आणि संध्याकाळी ती भरायला येतो. म्हणजे साडेपाचच्या सुमाराला पाठीला पिशवी, हातात पावतीचं यंत्र घेऊन एक माणूस त्या अर्ध्या शटरपाशी येणारच. गोष्टीचा मध्य उलटून तासाभरानं. हा माणूस तुमच्या खर्ड्यात आहे का?

टिळकवाडी_दुसरं_फाटक

नाही. पण आता येणार. पोलिसांनी रस्ता अडवलेला असताना तो शटरपर्यंत पोचेल कसा?

निपाणी_वखार

शटर अर्धं असताना बाहेर कुणाला पत्ता लागलाय हेच मुळात कशावरून? साडेअकराला लागला असेल तर एजंट गर्दीत उभा राहून बघेल. दुपारभर कुणाला कळलं नसेल आणि एजंटमुळंच कळलं, तर तुमचा पहिला भाग पूर्ण वेगळा होतो : बाहेर पेठ नेहमीसारखी चालू, आत सहा माणसं. मला तर हा दुसरा रस्ता जास्त भीतीदायक वाटतो. मात्र पोलीस साडेपाचला आले की तुमच्या बोलणीला चारच तास उरतात. दोन्हीपैकी एक निवडा.

संकेश्वरची_लेक

बोलणी कशी चालतात त्यावर लिहिते, कारण सिनेमे सगळ्यात जास्त खोटं इथं बोलतात.

न्यूयॉर्क पोलिसांनी १९७३ साली ओलीस सोडवण्यासाठी वाटाघाटीचं पहिलं खास पथक उभं केलं. हार्वी श्लॉसबर्ग हा मानसशास्त्र शिकलेला डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ यांनी. मागं दोन घटना होत्या : सप्टेंबर १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये ११ इस्रायली खेळाडू-प्रशिक्षक मारले गेले ती, आणि जानेवारी १९७३ मधला ब्रुकलिनच्या क्रीडासाहित्याच्या दुकानाचा ४७ तासांचा वेढा. तिथून जे नियम रुळले ते जवळजवळ सगळीकडं पाळले जातात.

पहिला : बोलणारा निर्णय घेत नाही आणि निर्णय घेणारा बोलत नाही. फोनवरच्या माणसाला खरोखरच म्हणता यावं, "माझ्या हातात असतं तर दिलं असतं, साहेबांना विचारून सांगतो." यातून वेळ मिळतो आणि राग साहेबाकडं वळतो. सिनेमात एसपीच स्वतः फोन उचलून "मी तुला पंधरा मिनिटं देतो" म्हणाला, की समजा लेखकाला घाई आहे. मुदत पोलीस कधी देत नाहीत. समोरच्यानं दिली तर ती बोलण्यात घालवायची, त्या मिनिटाला फोन चालूच ठेवायचा, विषय दुसराच.

दुसरा : काही द्यायचं तर काही घेऊन. पाण्याच्या बाटल्यांच्या बदल्यात एक माणूस, निदान आतल्या आजाऱ्याची खबर तरी. हत्यार कधीच द्यायचं नाही, आणि एका ओलिसाच्या बदल्यात दुसरा माणूस आत पाठवायचा नाही. नायक हात वर करून "त्यांना सोड, मला घे" म्हणत आत जातो ते फक्त पडद्यावर.

तिसरा, आणि हा लघुपटाला सोन्यासारखा आहे : जेवण सुटं पाठवायचं. आठ पार्सलं दिली तर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात खातो. पातेलंभर पुलाव, वेगळ्या डब्यात कोशिंबीर, थाळ्या आणि एकच पळी पाठवली की कुणीतरी वाढायला उठतं, कुणीतरी थाळी पुढं करतं, पिस्तूलवाल्याला "तुला किती?" असं विचारावं लागतं. एकदा वाढून झालं की त्या माणसावर गोळी झाडणं थोडं अवघड होतं. हा सीन तीन मिनिटांचा लिहा आणि त्यात एकही धमकी ठेवू नका.

फोनवर एक माणूस बोलतो, त्याच्या शेजारी दुसरा फक्त ऐकत असतो आणि चिठ्ठ्या सरकवतो. तिसरा वेळेसकट सगळं लिहून ठेवतो. कॅमेऱ्याला चिठ्ठी फार आवडते : तोंडानं "जेवलास का?" आणि चिठ्ठीवर "मागं दार आहे".

चिकोडी_रोड

ताई, एवढं सगळं कशाला? बेळगावात कॅम्प आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, कमांडोंचं प्रशिक्षण तिथंच होतं. लष्कर आलं, शटर उडवलं, विषय संपला. नाहीतर ते दोघं कागलकडं सुसाट सुटतात, महाराष्ट्रात शिरले की कर्नाटक पोलिसांचे हात बांधले. क्लायमॅक्स तयार की!

संकेश्वरची_लेक

काय गा तू. पतसंस्थेतला वेढा हे पोलिसांचं काम. मुलकी प्रशासनानं रीतसर मागितल्याशिवाय लष्कर बराकीतून हलत नाही, आणि दोन माणसांसाठी कुणी मागत नाही. आणि हद्दीचं म्हणशील तर, विना वॉरंट अटक करता येईल अशा आरोपीचा पाठलाग पोलीस देशात कुठंही करू शकतात. सीमा ओलांडली की सुटलो हा समज आरोपीचा असू शकतो, लेखकाचा नको. वर कोगनोळीचा टोल नाका वाटेतच, कॅमेरे आहेत, फास्टॅग आहे.

पण तुझ्या बोलण्यात एक कामाची गोष्ट आहे : कोण किती वेळात येतो. निपाणी ठाण्याचा पीएसआय दहा मिनिटांत. चिकोडीहून डीवायएसपी पाऊण तासात. बेळगावहून एसपी, पाऊणशे किलोमीटर, दीड तास. आणि कर्नाटक पोलिसांचं गरुडा हे खास कमांडो पथक बेंगळूरूत, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर. रस्त्यानं निघालं तर नऊ-दहा तास. साडेअकराला सुरू झालेली गोष्ट साडेनऊला का संपते, याचं उत्तर बघा तयारच आहे. पथक पोचायच्या आत स्थानिक माणसाला बोलणी मिटवायचीत, कारण ते पोचलं की फोन त्याच्या हातून जाणार. 'डॉग डे'तही स्थानिक डिटेक्टिव्ह मोरेटीच्या हातून सूत्रं एफबीआयच्या शेल्डनकडं जातात आणि तिथून सिनेमाची हवाच थंड होते. हेलिकॉप्टर किंवा सांबऱ्याच्या (बेळगावच्या) विमानतळापर्यंत विमान असं कुणी विचारेल, त्याचं एका वाक्यात उत्तर खर्ड्यात ठेवा.

लोंढा_जंक्शन

पैशांचं कुणीच बोललं नाही. मागणी किती, कुठल्या नोटांत, कशात भरून, याचा हिशेब लेखकानं केलेला असला की सिनेमा जड होतो (चांगल्या अर्थानं).

एक कोटी रुपये पाचशेच्या नोटांत म्हणजे २०,००० नोटा, शंभराची एक अशा २०० गड्ड्या. नोट ६६ बाय १५० मिलिमीटर. गड्डीची जाडी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास धरली तर सगळं मिळून पंचवीस लिटरच्या आत बसतं. एका नोटेचं वजन ढोबळमानानं ग्रॅमभर, म्हणजे वीस-बावीस किलो. कॉलेजच्या पोराची पाठपिशवी पुरते, पट्टे मजबूत असले तर. दोन सुटकेसा दाखवल्या की समजायचं कुणी मोजलेलं नाही. तीच रक्कम शंभराच्या नोटांत मागितली तर एक लाख नोटा, हजार गड्ड्या, शंभर किलोच्या घरात. दोघांना उचलून पळता येणार नाही, गाडी लागणार. म्हणजे नोट कुठली मागितली यावरून पुढचा प्लॉट बदलतो.

शिवाय पतसंस्थेत एवढी रोकड नसते. ती बँकेकडून यायची, मोजून यायची. मोजणी यंत्र मिनिटाला हजारेक नोटा मोजतं, वीस हजारांना वीस मिनिटं, गड्डी लावणं-काढणं धरून दुप्पट. त्या यंत्राचा फर्र आवाज हे तुमचं घड्याळ. पार्श्वसंगीत लागणार नाही.

१९७४ चा 'द टेकिंग ऑफ पेल्हम वन टू थ्री' हा या बाबतीत वस्तुपाठ. चार माणसं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा डबा पळवतात, दहा लाख डॉलर, एक तास, उशिराच्या दर मिनिटाला एक माणूस. सिनेमा मग दाखवतो काय, तर नोटा मोजणारे हात, गड्ड्यांना लागणारे रबर, पोत्यात भरणं, शहराच्या गर्दीतून सुटलेली पोलिसगाडी. ती गाडी वाटेत आदळते. वेळ संपत आलेला, तेव्हा रेडिओवर बोलणी करणारा पोलीस, गार्बर, चक्क थाप मारतो की पैसे स्टेशनात पोचलेत, आता फक्त बोगद्यातून चालत आणायचेत. मला विचाराल तर सगळ्या सिनेमात हा क्षण सर्वांत भारी. कुणी ओरडत नाही. आपल्याला खरं माहीत आहे, समोरच्याला नाही, आणि तो उत्तर द्यायला चार सेकंद घेतो.

दुसरी गोष्ट त्याच सिनेमातली : भुयारातून पळणार कसे हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात दुसरं पात्र मोठ्यानं विचारतं. प्रेक्षकाच्या मनातली शंका पात्राच्या तोंडी आली की प्रेक्षक भांडायचं थांबतो आणि उत्तराची वाट बघतो. आणि सर्दीची शिंक. एका दरोडेखोराला सर्दी झालीय, रेडिओवर शिंक ऐकू येते, ती शेवटच्या मिनिटाला त्याला पकडून देते. अशी शिंक तीनदा पेरावी लागते, एकदा पेरली तर कुणाच्या लक्षात राहत नाही आणि पाचदा पेरली तर शेवट आधीच कळतो.

घटप्रभा

शहापूरकरांनी "संपणाऱ्या गोष्टी" म्हटलं त्यात वीज मोजून देतो.

पोलीस हेस्कॉमला (इकडची वीज कंपनी) सांगून लाइन बंद करतील. पण संस्थेत इन्व्हर्टर आहे. एक बॅटरी, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी जुनी, इन्व्हर्टरमधली घट, पूर्ण रिकामी होत नाही, हे धरून हाताशी १२०० लागतील. भार बघा : चार एलईडी पट्ट्या ८० वॅट, तीन पंखे २१०, एक संगणक आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर मिळून १५०. एकूण ४४०. म्हणजे पावणेतीन तास. पंखे बंद केले तर २३० वॅट, पाच तासांच्या वर जाईल. आता आतल्या माणसापुढं निवड आहे : सहा माणसं घामानं थबथबलेली चालतील, की रात्री आठला अंधार चालेल? संगणक बंद करावा हे त्याला सुचतं का, की कारकून सुचवतो? डीव्हीआर बंद पडला तर बाहेर मोबाइलवर आतलं चित्र बघणाऱ्या पोलिसांचा डोळा जातो. म्हणजे लाइन बंद करण्यात पोलिसांचंही नुकसान आहे. बॅटरी उतरायला आली की इन्व्हर्टर आधी चिरकत बीप देतो, हे विसरू नका.

हे कल्पनेतलं नाही. ५ सप्टेंबर १९८६, कराची, पॅन ॲम ७३ या विमानाचं अपहरण. वैमानिक कॉकपिटच्या वरच्या झडपेतून निसटले, त्यामुळं विमान उडणं शक्यच नव्हतं. चौघं अपहरणकर्ते जमिनीवरच अडकले. सतराएक तासांनी विमानाला वीज पुरवणारं सहायक इंजिन बंद पडलं, दिवे मंदावले, अपहरणकर्त्यांना वाटलं हल्ला आला, आणि त्यांनी गोळीबार सुरू केला. नीरजा भनोत त्यातच गेल्या. राम माधवानींच्या २०१६ च्या 'नीरजा'त शेवटचा भाग अंगावर येतो तो यामुळं, कुणी "आता मारा" असा हुकूम दिलेला नसतो. एक यंत्र थांबतं.

शहापूरकर

पावणेतीन तास! फाटकवाले, लाइन कधी जाते ते ठरवा, बाकीचं पटकथा स्वतः लिहील. सहाला गेली तर पावणेनऊला अंधार.

आता मधुमेह. या जातीच्या दर सिनेमात एक मधुमेही "माझं इन्सुलिन" म्हणून कळवळतो. दहा तासांच्या गोष्टीत खरा धोका बहुतेकदा उलटा असतो. सकाळी इंजेक्शन किंवा गोळी घेतलीय, दुपारचं जेवण चुकलंय, साखर खाली येते. घाम, हात थरथरणं, बोलणं अडखळणं, आणि मुख्य म्हणजे चिडचिड. पिस्तूलवाल्याला वाटतं हा उर्मटपणा करतोय. बायको सोबत असेल तर तिलाच कळतं काय होतंय. उपाय साधा, १५ ग्रॅम साखर, तीन चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी बरं नाही वाटलं तर पुन्हा. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, ठसका लागून जीव जातो. कुणाच्या पिशवीत पाहुण्यांसाठी घेतलेला कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई) डबा असू दे, पण तो पहिल्या पाच मिनिटांत एकदा दिसला पाहिजे.

टिळकवाडी_दुसरं_फाटक

कुंदा पक्का. भाषेचं एक विचारायचंय. डीवायएसपी रायचूरकडचा, मराठी येत नाही. आतला माणूस निपाणीचा, कन्नड कामापुरतं. सगळे मराठीत बोलताना दाखवू का? चाळीस मिनिटांत दुभाषा परवडेल?

संकेश्वरची_लेक

परवडेल, आणि तोच तुमचा मुख्य माणूस. दुभाष्यामार्फत बोलणं म्हणजे प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ आणि आवाजातला कढ निम्मा गेलेला. म्हणून जाणते लोक तसं करत नाहीत. ज्याला त्या माणसाची भाषा येते त्यालाच फोनवर बसवतात आणि अधिकारी शेजारी बसून चिठ्ठ्या देतो. म्हणजे फोनवर निपाणी ठाण्याचा पन्नाशीचा हवालदार, शेजारी चिकोडीचे साहेब कन्नडमध्ये चिठ्ठी लिहिताहेत. आतला पोरगा त्याला पहिल्या फोनला "ओ साहेब" म्हणेल, तिसऱ्या फोनला "काका". आणि काकाच्या हातात काही नाही, हे काकाला माहीत आहे. पहिला नियम इथं आपोआप पाळला जातो.

कन्नड वाक्यं कन्नडच ठेवा, खाली मराठी पाटी द्या. सगळ्या नाही. ज्या आतल्याला कळत नाहीत पण प्रेक्षकाला कळल्या पाहिजेत तेवढ्याच.

निपाणी_वखार

बोलणी सावकाशही पकड घेते. कन्नड नट डॉ. राजकुमारांना चंदनतस्कर वीरप्पननं ३० जुलै २००० ला गाजनूरहून नेलं, १५ नोव्हेंबरला सोडलं. १०८ दिवस. निरोप जंगलातून कॅसेटवर यायचे, 'नक्कीरन' या तमिळ नियतकालिकाचे गोपाल मध्यस्थ म्हणून आत जायचे. फोन असा नव्हताच. प्रश्न विचारला की उत्तराला काही दिवस, आणि तोवर सगळं कर्नाटक श्वास रोखून. म्हणून म्हणतो, तुमच्या गोष्टीत दोघं सारखे फोनवर कशाला हवेत? दुपारी दीड ते साडेतीन आतून फोन उचललाच जात नाही असं करा. बाहेरचे काय करतात ते दाखवा.

चिकोडी_रोड

बरं, ओलीस बाई शेवटी त्या पोराच्या बाजूनं बोलते, स्टॉकहोम सिंड्रोम, हे तरी चालेल न्हवं?

शहापूरकर

चालेल, पण कारण द्या. स्टॉकहोमची मूळ घटना २३ ते २८ ऑगस्ट १९७३, नॉरमाल्मस्टोर्ग चौकातली क्रेडिटबँक, चार ओलीस. क्रिस्टिन एनमार्क या ओलीस बाईनं आतून थेट स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मेंशी फोनवर वाद घातला. तिला भीती होती पोलिसांनी हल्ला केला तर आपण मरू याची. पोलीस छताला भोकं पाडत होते, शेवटी गॅस सोडला. आतल्या माणसाला बाहेरच्याची भीती वाटायला लागते, ती अशी, ठोस कारणानं. तुमच्या बाईनं शटरवर ग्राइंडर चालताना ऐकावा, ठिणग्या आत पडताना बघाव्यात, मग ती काय बोलते ते ऐकू.

कॅमेऱ्याचंही सांगून ठेवतो. एकाच खोलीत चाळीस मिनिटं कंटाळा येतो तो कॅमेरा एकाच उंचीवर राहिल्यानं. ल्यूमेटनंच १९५७ च्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये पहिला एक तृतीयांश भाग नजरेच्या वरून घेतला, दुसरा नजरेच्या उंचीवर, तिसरा नजरेच्या खालून, आणि लेन्सची लांबी वाढवत नेली. शेवटी छत दिसायला लागतं, भिंती जवळ येतात. खर्च शून्य. शटर मात्र कायम पडद्याच्या एकाच बाजूला ठेवा. एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं दिसलं तर नकाशा मोडला, आणि नकाशा मोडला की कोण कुणाच्या टप्प्यात आहे ते कळत नाही, भीती जाते.

खडेबाजार_साउंड

फोनच्या सीनला दुसऱ्या बाजूचा नट हजर पाहिजे, शेजारच्या खोलीत, खऱ्या फोनवर. असिस्टंटनं सपाट आवाजात वाक्यं वाचून दिली की आतल्या नटाच्या थांबण्याच्या जागा चुकतात, एडिटिंगला भरून निघत नाहीत. रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा, एकदा पंखे चालू, एकदा बंद. लाइन जाते तेव्हा पंख्याची घरघर उतरत जाते, ती पूर्ण थांबेपर्यंत कट मारू नका. संगीत ठेवायचं की नाही यावर भांडण नको : 'डॉग डे'त सुरुवातीच्या गाण्यानंतर पार्श्वसंगीत नाही, 'पेल्हम'ला डेव्हिड शायरचं दणकेबाज आहे, दोन्ही चालतात. मधलं मिळमिळीत चालत नाही.

पिस्तूल लाकडी किंवा रबरी. पेठेत शूटिंग असेल तर ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोच घेऊन खिशात ठेवा, नाहीतर कुणीतरी ११२ ला फोन लावेल. गोळीचा जाळ नंतर संगणकावर घालता येतो. आणि बंद खोलीतल्या गोळीनंतर कुणालाही काही सेकंद नीट ऐकू येत नाही, लगेच संवाद घालू नका.

टिळकवाडी_दुसरं_फाटक

लाइन सहाला घालवतो. पोलिसांना सकाळीच पत्ता लागतो असंच ठेवतो, गरुडाचं गणित त्याशिवाय बसत नाही. मग एजंट गर्दीत. पण त्याला आत काही करता आलं पाहिजे. काय?

निपाणी_वखार

एजंट अडला की शटर वाजवत नाही, आधी फोन लावतो. कॅशियरच्या खासगी मोबाइलवर, कारण रोजचा हिशेब तो तिच्याशीच करतो. पोलिसांकडं संस्थेचा लँडलाइन आणि मॅनेजरचा नंबर आहे, हा नाही. आतल्यांनी साडेअकराला सगळ्यांचे फोन एका ड्रॉवरमध्ये टाकलेत. कॅशियरचा त्यात आहे की कमरेला, आणि रिंग चालू आहे की व्हायब्रेट, हे आधी ठरवा.